पाची बोटं सारखी नसतात, मग?

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)

दुपारची भांडी उरकून रेडिओपाशी बसलेल्यांना नमस्कार, आणि बांधावर फोन ठेवून, खुरपं चालवता चालवता ऐकणाऱ्यांनाही नमस्कार.

मागच्या महिन्यात आपण शेतमजुरीवर बोललो. गड्याची मजुरी जास्त आणि बाईची कमी, हे का चालतं, असा विषय होता. कार्यक्रम संपला आणि फोन वाजायला लागला. पाचसहा जणी बोलल्या, बहुतेकींनी ‘बरं बोललात’ म्हटलं. एका मावशींनी मात्र मला अडवलं. म्हणाल्या, “ताई, समान समान तुम्ही म्हणता खरं, पण हाताची पाची बोटं कधी सारखी असतात का? देवानंच सारखं केलं नाही, तिथं आपण काय करणार?” मी विचारलं, मावशी, तुम्ही कामाला जाता का? “जाते की लोकाच्या रानात. खुरपायला, कांदे काढायला.” गड्याइतके पैसे मिळतात? “नाही मिळत. गडी तो गडी.”

मला त्या वेळी नीट उत्तर देता आलं नाही. घटनेचं, कायद्याचं काहीतरी बोलले. मावशींनी ‘बरं बरं’ म्हणून फोन ठेवला. त्यांनी कायदा विचारलाच नव्हता. माणसं मुळात समान आहेत हे तुम्ही कशाच्या जोरावर म्हणता, असं त्या विचारत होत्या. प्रश्न फार जुना आहे. मोठमोठ्या माणसांनी त्यावर डोकं चालवलं आहे, आणि त्यातली काही आपल्याच भाषेत बोलणारी होती. आज त्या प्रश्नाला बसू. मावशी ऐकत असतील अशी आशा आहे.

आधी मान्य करून टाकते, मावशींची म्हण खरी आहे. बोटं सारखी नसतात. एका आईच्या दोन लेकी सारख्या नसतात. एकीला हिशेब पटकन येतो, दुसरीच्या हाताला चव असते. कुणी दिवसभर उन्हात टिकतं, कुणाला दुपारी भोवळ येते. समानतेची बाजू घेणारे लोक कधीकधी हे मान्यच करत नाहीत, आणि मग ऐकणाऱ्याला वाटतं की ही सगळी पुस्तकातली बडबड आहे. फरक आहेत, दिसतात, आणि राहणार.

पण म्हण कशाबद्दल आहे ते बघा. ती बोटांच्या लांबीबद्दल आहे. आता मला सांगा, भाकरी थापताना करंगळीला तव्याचा चटका बसला तर ती लहान आहे म्हणून चटका कमी लागतो का? अंगठ्याला काटा रुतला तर आपण लगेच काढतो आणि करंगळीतला राहू देतो, असं कुणी करतं? लांबी वेगवेगळी आहे, पण कळ एकाच जिवाला जाते. लांबीत फरक आहे, म्हणून एका बोटाच्या दुखण्याला किंमत आणि दुसऱ्याच्या दुखण्याला नाही, हे म्हणीतून निघत नाही. ते आपण मागाहून चिकटवलेलं असतं.

हा विचार माझा नाही. आपल्या मातीत तो फार आधी मांडला गेला आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथात बायका मोठ्या संख्येनं होत्या, आणि काही पुरुष भक्तांना ते खटकत होतं. स्वामींनी त्यांना विचारल्याचं सांगतात की तुमचा तेवढा जीव मोठा आणि बायकांचा जीव काय छोटा आहे? बायकांचा देव वेगळा आहे? मासिक पाळीचा विटाळही त्यांनी मानला नाही. शरीरातून इतर मळ बाहेर पडतात तसाच हाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सातशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. आजही चार दिवस कोपऱ्यात बसणाऱ्या कितीजणी हे ऐकत असतील, ते मी विचारत नाही.

आणि १८५५ साली, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे नावाच्या एका मांग समाजातल्या मुलीनं निबंध लिहिला. मांग-महारांच्या दुःखाविषयी. ‘ज्ञानोदय’ पत्रात तो छापून आला. शाळकरी मुलगी, पण तिनं मुद्दा कुठून धरला बघा. तिनं बाळंतपणाचं उदाहरण घेतलं. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, थंडीवाऱ्या-पावसात त्यांचे काय हाल होत असतील, ते तुम्ही तुमच्या स्वतःच्या अनुभवावरून ताडा, असं ती सांगते. स्वतःच्या अनुभवावरून! तुमच्या घरात बाळंतपण झालंय ना, मग तुम्हाला कळ माहीत आहे; तीच कळ आमच्याकडे आहे. मला वाटतं समानतेचा सगळ्यात खोल पाया हाच असावा. हे समजायला फार शिक्षण लागत नाही. पण मन लावावं लागतं, आणि ते माणूस टाळतं.

आता मावशींच्या मजुरीकडे येते, कारण माझं मन तिथंच अडकलंय.

आपण शब्द काय वापरतो, कान देऊन ऐका. ‘गड्याची मजुरी’, ‘बाईची मजुरी’. पैसे खुरपणीचे असतात, काढणीचे असतात, म्हणजे कामाचे असतात. पण आपल्या बोलण्यात कामाचं नावच नाही, माणसाचं आहे. जणू काय मालक काम विकत घेत नसून माणसाचा भाव ठरवतोय. इमॅन्युएल कान्ट नावाचा एक जर्मन तत्त्ववेत्ता होता. १७८५ सालच्या त्याच्या एका पुस्तकात हा भेद आहे. ज्या वस्तूच्या जागी दुसरी वस्तू चालते तिला किंमत असते. माणसाच्या जागी दुसरं काही चालत नाही, म्हणून माणसाला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. कामाचा भाव ठरू शकतो, त्यात घासाघीसही होऊ शकते. माणसाचा भाव ठरवता येत नाही.

आता कुणी म्हणेल, गडी जास्त काम करतो म्हणून जास्त पैसे. ठीक आहे, तपासू. कापसाची वेचणी किलोवर असते. काट्यावर गाठोडं ठेवलं की काटा विचारत नाही की हे बाईनं वेचलं का बाप्यानं. वीस किलो म्हणजे वीस किलो. तिथं कुणाचं भांडण होत नाही. १९७२च्या दुष्काळानंतर आपल्या राज्यात रोजगार हमी योजना रुजली, वि. स. पागे यांनी ती मांडली होती. त्या कामावरही माती किती खणली, किती वाहिली, याचं मोजमाप व्हायचं आणि दर बाई-पुरुषांना एकच असायचा. तेव्हा हजारो बायका रस्त्याच्या आणि तलावाच्या कामांवर गेल्या. माझ्या आईच्या वयाच्या बाया अजून सांगतात की हातात पहिले ‘बरोबरीचे’ पैसे तिथं आले.

मग जिथं मोजणी नसते, हजेरीवर काम असतं, तिथंच फरक का? समजा गड्याला ५०० आणि बाईला ३००. दोघं एकाच कांद्याच्या वाफ्यात आहेत. बाईची ओळ पुढे गेलीय, गडी मागे तंबाखू मळतोय. तरी संध्याकाळी पाचशे आणि तीनशे. म्हणजे कारण काम नाहीच. आणि खुरपणीसारखं काम, जे बाया वर्षानुवर्षं करतात, जे वाकून वाकून कंबर मोडतं, ते ‘हलकं काम’ कसं ठरलं? बाया करतात म्हणून हलकं ठरलं, आणि हलकं आहे म्हणून पैसे कमी. कारण आणि परिणाम एकमेकांच्या शेपट्या धरून गोल फिरताहेत.

समान वागणुकीचा नियम म्हणून जो काही आहे तो एवढाच आहे. दोन माणसांत फरक करायचा असेल तर कारण द्या, आणि ते कारण त्या कामाशी संबंधित असू द्या. एसटीच्या ड्रायव्हरची नजर तपासतात, ते योग्य. गाडी चालवायला नजर लागते. ड्रायव्हरची जात तपासली तर ते अन्याय, कारण स्टिअरिंगला जात लागत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे कारण देण्याची जबाबदारी फरक करणाऱ्यावर आहे. मला बरोबरीनं का वागवावं, हे मी सिद्ध करत बसायचं नाही. मला कमी का देता, हे तुम्ही सांगायचं. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. मजुरी मागणाऱ्या बाईलाच विचारतात, तू गड्याएवढं काम करतेस का, दाखव.

हे उलटं चाललेलं सुलटं करून दाखवणारी बाई विदर्भातली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८२ साली त्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक पुण्यात छापलं गेलं. त्याच्या मागची हकिकत अशी. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर आपलं नवजात मूल मारल्याचा खटला चालला. विधवेचं पुन्हा लग्न नाही, आणि दिवस गेले तर समाज जगू देणार नाही, अशी तिची गत. कोर्टानं आधी फाशी दिली, मग अपिलात शिक्षा कमी केली. पण वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्याच चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली. बायका अशाच, बायका तशाच. ताराबाईंना ते सहन झालं नाही. त्यांनी लेखणी उचलली.

त्यांची रीत मला फार आवडते. ‘बायका फार चांगल्या असतात हो’ असं त्या रडत सांगत नाहीत. बायकांवर जे जे दोष लादले जातात ते एकेक घेतात आणि विचारतात, हे पुरुषांत नाहीत का? कपट बायकांत आहे म्हणता, मग दरोडे, फसवणुका, लाचलुचपत कोण करतं? पतिव्रतेचे नियम सांगता, मग नवऱ्याचे नियम कुठे आहेत? नवरा मेला की बाईचं केशवपन. मग बायको मेली तर पुरुषानं दाढीमिशा उतरवून रानात का जाऊ नये? तो तर दहाव्या दिवशी दुसरी बघायला लागतो. नियम उचलायचा आणि दुसऱ्या बाजूला लावून बघायचा. तिथं तो हास्यास्पद वाटला, तर समजायचं की तो न्यायाचा नियम नव्हताच, ती जबरदस्तीची सवय होती. तत्त्वज्ञानाच्या जाड पुस्तकांत हीच कसोटी वेगवेगळ्या नावांनी सापडते. ताराबाईंनी ती स्वयंपाकघराच्या भाषेत सांगितली, म्हणून असेल, पण त्यांना कुणी तत्त्वज्ञ म्हटलं नाही. उलट टीका झाली. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा उजेडात आणलं. मधली नव्वद वर्षं आपल्या आज्यांना ते माहीतच नव्हतं.

मुंबईची एक कोर्टातली गोष्ट सांगते, कारण ती मजुरीचीच आहे. मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत ऑड्री डिकोस्टा या स्टेनोग्राफर होत्या. बाई स्टेनोंना पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगार होता. समान वेतनाचा कायदा १९७६ साली आला होता (आता तो २०१९च्या वेतन संहितेत सामावून घेतला आहे), त्याचा आधार घेऊन त्या लढल्या. कंपनीनं कारणं दिली. म्हणाले, या बायका साहेबांच्या खासगी स्टेनो आहेत, त्यांचं काम वेगळं. म्हणाले, कामगार संघटनेशी तसा करार झालाय. म्हणाले, कंपनीची परिस्थिती बेताची आहे. १९८७ साली सुप्रीम कोर्टानं यातलं काहीच मानलं नाही. काम सारखंच आहे, नाव वेगळं दिलं म्हणून काम वेगळं होत नाही. आणि पैसे नाहीत हे कारण या कायद्यापुढे चालत नाही. ‘हलकं काम’ आणि ‘खासगी स्टेनो’ ही मला एकाच घरची भावंडं वाटतात. शहरात इंग्रजी नाव दिलं, एवढंच.

आता म्हणाल, कारण मागायचं एवढंच असेल तर फार सोपं झालं. तसं नाही. ॲरिस्टॉटल या ग्रीक विचारवंतानं अडीच हजार वर्षांपूर्वीच म्हटलं होतं की सारख्यांना सारखं वागवा आणि वेगळ्यांना वेगळं. ऐकायला उत्तम. पण त्याच माणसाला गुलामगिरी मान्य होती, आणि बाईनं पुरुषाच्या अमलाखाली राहावं हेही मान्य होतं, कारण त्याच्या मते ते ‘वेगळे’च होते. म्हणजे कोण सारखं आणि कोण वेगळं हे ठरवायची काठी ज्याच्या हातात, त्याच्या सोयीनं सगळं चालतं. ऊसतोडीकडे बघा. तिथं नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. टनावर पैसे, म्हणजे मोजणी आहे. बाई पहाटे तीनला उठते, भाकरी करते, नवऱ्याच्या बरोबरीनं तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. पण मुकादमाकडून उचल बहुतेक नवऱ्याच्या नावावर. हिशेबाच्या वहीत बाई वेगळी नाहीच. तिला ना कमी दिलं, ना जास्त. तिला धरलंच नाही. म्हणून समान वागणुकीच्या आधी एक पायरी आहे. माणूस म्हणून मोजलं जाणं.

जोतीरावांनी आयुष्याच्या शेवटी हीच पायरी बांधली. पक्षाघातानं उजवा हात गेला होता, तेव्हा डाव्या हातानं लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरं केलं. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली ते छापलं गेलं. त्यात ते नुसतं ‘मानव’ म्हणून थांबत नाहीत, पुन्हा पुन्हा ‘स्त्री-पुरुष’ म्हणतात. निर्मात्यानं सगळ्या स्त्री-पुरुषांना सारखे हक्क दिलेत, कुणी कुणावर अंमल गाजवायचा नाही. मावशींचा देव आणि जोतीरावांचा निर्मिक समोरासमोर बसले तर बोलणं चांगलं रंगेल.

पण ज्याला निर्माता मान्य नाही, त्याचं काय? किंवा मावशींसारखं म्हणणाऱ्याचं, की देवानंच असमान केलंय? इथं मला बाबासाहेब आंबेडकरांची वाट सगळ्यात पक्की वाटते. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषणाचा मजकूर बघून घाबरले आणि परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी भाषण स्वतः छापलं. त्यात ते मावशींचीच शंका घेतात. माणसं असमान आहेत, असं लोक म्हणतात. बाबासाहेब म्हणतात, हो, आहेत. मग विचारतात, ही असमानता येते कुठून? तीन ठिकाणांहून. एक, जन्मानं मिळालेलं शरीर. दोन, आईबापांनी आणि समाजानं दिलेलं, म्हणजे देखभाल, शिक्षण, घरातलं वातावरण. तीन, ज्याचे त्याचे स्वतःचे कष्ट. कष्टांप्रमाणे फळ वेगळं मिळालं तर एकवेळ समजू शकतं. पण पहिल्या दोन गोष्टींत माणसाचं स्वतःचं काय आहे? कुणाच्या पोटी यायचं हे कुणी ठरवून येतं का?

आपल्याकडचं बघा. शाळेत धावण्याची शर्यत आहे. एक पोर सकाळी दूध-अंडं खाऊन, बूट घालून आलंय. दुसरं दोन मैल चालत, अर्धी भाकरी खाऊन आलंय. शिट्टी एकाच वेळी वाजली, रेषा सगळ्यांना एकच, म्हणून ती समान शर्यत झाली? जे पहिलं आलं ते खरंच जास्त पळणारं होतं, की जास्त खाल्लेलं होतं, हे कसं कळणार? बाबासाहेबांचं म्हणणं हेच होतं. आधीच मिळालेल्यांना आणखी दिलं, तर निवड हुशारांची होत नाही, नशीबवानांची होते. सगळ्यांतून उत्तम ते बाहेर यावं असं वाटत असेल तर सुरुवातीलाच सगळ्यांना शक्य तितकं सारखं वागवलं पाहिजे. म्हणून घटनेच्या १५व्या कलमात भेदभावाला बंदी आहे आणि त्याच कलमात बायका-मुलांसाठी खास तरतूद करायला मुभाही आहे. दोन्ही एकत्र वाचून पुष्कळांचा गोंधळ होतो. ओल्या बाळंतिणीला दोन घास जास्त वाढले तर घरात कुणी म्हणतं का, की हा माझ्यावर अन्याय झाला?

त्यांचा दुसरा मुद्दा तर मला रोज आठवतो. ज्याला लाखो लोकांचा कारभार बघायचा आहे, त्याच्याकडे एकेकाची लायकी तोलत बसायला वेळ नाही आणि तसं ज्ञानही नाही. म्हणून सगळ्यांना समान धरून चालणं हाच कारभाराचा एक धड नियम. मी यात माझी एक भर घालते. असा तराजू कुणाकडेच नाही. अक्कल मोजायची म्हटली तर माझ्या शेवटच्या दिवसांतल्या सासूबाई, ज्यांना माझं नावही आठवत नव्हतं, त्या माणसातून गेल्या असत्या. बोलता न येणारं शेजारचं लेकरू गेलं असतं. ताकद मोजायची म्हटली तर आपण सगळ्याच कधी ना कधी जातो. जो मापदंड घ्याल त्यातून कुणीतरी आपलंच माणूस गळतं. म्हणून माणूसपण कशावर मोजायचं नाही, ते आधी धरायचं आणि मग पुढचं बोलायचं.

एका शब्दाची गोष्ट राहिली. १९४८ साली संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता. पहिल्या कलमाचा मसुदा ‘ऑल मेन’ अशा शब्दांनी सुरू होत होता, सगळे पुरुष म्हणा किंवा सगळे मानव. भारतातर्फे तिथं हंसा मेहता होत्या, आपल्या घटना समितीच्याही सदस्य. अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट, स्वतः बाई, त्यांना वाटत होतं की या शब्दात बायका येतातच. हंसाबेनना तसं वाटेना. उद्या याचा अर्थ फक्त पुरुष असा लावतील, ही त्यांची भीती. शेवटी शब्द बदलला, ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ झाला, आणि १० डिसेंबर १९४८ला जाहीरनामा मंजूर झाला. त्याच कलमावर आणखी वाद झाला होता, की माणसं देवानं समान घडवली म्हणायचं की निसर्गानं. दोन्ही शब्द शेवटी ठेवले नाहीत. ज्यानं त्यानं आपापल्या वाटेनं यावं, पोचायचं ठिकाण एक असावं.

शब्दानं एवढा काय फरक पडतो, असं वाटतं ना? आपल्याच पंगतीत काय म्हणतात? “आधी माणसं जेवू द्या, मग बायका बसतील.”

आता जरा अवघड बोलते. इतका वेळ आपल्यावर होणाऱ्या अन्यायाचं बोलले, तेव्हा मान डोलवायला सोपं होतं. आमच्या माहेरी मागच्या दाराच्या चौकटीवर एक कप असायचा. कान तुटलेला, पांढरा, निळ्या काठाचा. आमच्या रानात कामाला येणाऱ्या एका मावशींसाठी. आई त्यात वरून चहा ओतायची. मावशी तो पिऊन, स्वतः विसळून, परत चौकटीवर पालथा ठेवायच्या. मी नववीत असताना आईला विचारलं, हा कप आत का नाही ठेवत? आई म्हणाली, “पद्धत आहे.” माझी आई सगळ्यांच्या मागून जेवायची. उरलेलं कालवण, करपलेली भाकरी. तिलाही कुणी विचारलं असतं, तू शेवटी का जेवतेस, तर तिनं तेच उत्तर दिलं असतं. पद्धत आहे. घटनेच्या १७व्या कलमानं १९५० सालीच अस्पृश्यता संपवली होती. आमच्या चौकटीपर्यंत ती बातमी पोचायला आणखी बरीच वर्षं लागली. २५ नोव्हेंबर १९४९ला बाबासाहेबांनी घटना समितीत हाच इशारा दिला होता, की मतपेटीपाशी आपण समान होऊ, आणि घरात-बाजारात असमानच राहू, या विसंगतीत किती काळ जगणार आहोत?

ताराबाईंची उलटी कसोटी मी त्या कपाला लावायला शिकले ती फार उशिरा. त्यांच्या घरी मी गेले आणि माझ्यासाठी त्यांनी चौकटीवर वेगळा कप ठेवला, तर? नुसतं मनात आणून बघितलं तरी कान गरम झाले.

कॉलेजच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा मी तो कप उचलून आत फडताळात बाकीच्या कपांत ठेवला. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी चहा तिनं दुसऱ्याच, धड कपात दिला. मावशींनी तो हातात घेऊन बराच वेळ धरला, प्यायल्या, आणि सवयीनं विसळून चौकटीवर ठेवला. आईनं तो तिथून उचलून आत नेला. असं कितीतरी दिवस चाललं, एक ठेवायची, दुसरी आत न्यायची. दोघींपैकी कुणी त्यावर कधी अक्षर बोललं नाही.

फोनवाल्या मावशींशी माझं परवा पुन्हा बोलणं झालं. हे सगळं त्यांना थोडक्यात सांगितलं. चटक्याचं त्यांना पटलं, हसल्या. मग म्हणाल्या, “ते खरं, पण एकटीनं मालकाला विचारलं तर उद्या तो दुसरीला बोलावणार.” हे अगदी खरं आहे आणि याचं उत्तर कुठल्या तत्त्ववेत्त्याकडे नाही. त्यांच्या टोळीत अकरा बाया आहेत. कांदा काढणीच्या आधी अकराजणींनी मिळून हजेरीऐवजी उक्तं काम मागायचं, एकरावर, म्हणजे मोजणी होईल आणि बाई-गडी प्रश्नच राहणार नाही, असं त्यांच्यात चाललंय. सातजणी तयार आहेत. चौघी अजून घरी विचारून सांगणार आहेत. एकराला किती मागावं याचा हिशेब त्यांना हवाय. ज्यांच्या गावात उक्ती काढणी चालते त्यांनी आपला दर कार्यक्रमाच्या फोनवर कळवा, मी त्यांच्यापर्यंत पोचवते.